कविवर्य टिळक व त्यांची सहधर्मचारिणी

पत्नीला आपल्या भाषेंत अनेक नांवें आहेत. भार्या, कांता, गृहिणी, अर्धांगी हे शब्द काव्यांत व व्यवहारांत नित्य आढळतात. परंतु या सर्वांत भारदस्त शब्द सहधर्मचारिणी हा होय. पतीबरोबर एकाच धर्मानें चालणारी ती सहधर्मचारिणी. विवाहविधि पुरा होतांच वधूला ही पदवी आपोआप मिळते, आणि बहुतेक संसारांत तिची कसोटी पाहण्याचा प्रसंगच येत नाहीं. कारण पतिपत्नी एकाच आचारांत वाढलेलीं असतात व त्याच वाटेनें शेवटपर्यंत चालतात. पण एखाद्या दिवशीं पतीनें ती वाट सोडली तर? ज्या धर्माच्या साक्षीनें लग्न लागलें तोच धर्म एकानें सोडला व दुसऱ्यानें सोडला नाहीं, तर त्या शब्दाचें काय होतें? हा प्रश्न नुसता कल्पनेंतला नाहीं. महाराष्ट्रांतील एका थोर कवीच्या घरीं तो प्रत्यक्ष उभा राहिला, आणि त्याचें उत्तर सांपडण्यास त्या पतिपत्नींना सुमारें पांच वर्षें लागलीं. ते कवि म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, आणि त्यांची पत्नी म्हणजे ‘स्मृतिचित्रें’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. या दोघांच्या संसाराचें स्मरण आम्ही या लेखांत करणार आहों.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते. स्वभावानें ते कडक व तापट. आई जानकीबाई मात्र कोमल मनाच्या, देवभक्त व काव्याची आवड असलेल्या होत्या. मुलाच्या ठिकाणीं पुढें जें कवित्व फुललें त्याचें बीज या माउलीनें पेरलें असें म्हटलें पाहिजे. टिळक लहान असतांनाच ती निवर्तली. आईमागें घरांत मन रमेना. शेवटीं घर सोडून ते नाशिकास आले. तेथें गणेशशास्त्री लेले या विद्वान गृहस्थांनीं त्यांना जवळ केलें व संस्कृत शिकविलें. इंग्रजी शाळेंतही ते कांहीं काळ गेले. परंतु धाकट्या भावंडांचा भार अंगावर पडल्यामुळें तें शिक्षण अर्ध्यावर टाकावें लागलें. हातीं पदवी नाहीं, गांठीस पैसा नाहीं, कोठें स्थिर नोकरी नाहीं. पण तीव्र बुद्धि, रसाळ वाणी व कोणाचेंही दुःख पाहून द्रवणारें अंतःकरण, एवढ्या भांडवलावर ते तारुण्यांत आले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. नाशिकजवळ गोदावरीच्या कांठीं जलालपूर म्हणून लहानसें गांव आहे. तेथील गोखल्यांची ही कन्या. माहेरचें नांव मनकर्णिका, लाडकें नांव मनू. या घरांत सोवळ्याचें प्रस्थ विलक्षण होतें. सोंवळेंओंवळें सर्वच ब्राह्मण घरांत असे; पण मनूच्या वडिलांस त्याचा जणूं ध्यासच लागला होता. बाजारांतून आलेली जिन्नस धुतल्यावांचून घरांत घ्यावयाची नाहीं, कोणाचा स्पर्श होऊं द्यावयाचा नाहीं, आणि झालाच तर पुन्हां स्नान, पुन्हां धुणें. घरांतील बायकामुलांचा सारा दिवस या धुण्यांत व भिण्यांत जाई. ज्या मुलीला पुढें सोवळ्याचा सर्वांत अवघड प्रश्न सोडवावयाचा होता ती अशा घरांत वाढली, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; म्हणजे पुढील प्रसंगाचें गांभीर्य त्यांस कळेल.

१८८० सालीं या दोघांचें लग्न झालें. वर १८-१९ वर्षांचा व वधू ११-१२ वर्षांची. त्या काळच्या रीतीप्रमाणें दोघांनाही कोणीं कांहीं विचारलें नाहीं. मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. तिला लिहितांवाचतां येत नव्हतें, आणि तें यावें असें तिच्या माहेरीं कोणास वाटलेंही नव्हतें. सासरीं सासू नाहीं, सासरे कडक, आणि पति आज घरीं तर उद्यां कोठें याचा नेम नाहीं. असा तो संसार सुरू झाला.

टिळकांचा स्वभाव संसारास सोयीचा मुळींच नव्हता, ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. स्वतः लक्ष्मीबाईंनींही ती झांकलेली नाहीं. मनांत आलें कीं नोकरी सोडावी, गांव सोडावा, आणि घरीं नीट सांगितल्यावांचून निघून जावें. पैसा हातीं आला कीं तो पहिल्या भेटलेल्या गरजवंताच्या हातीं द्यावा आणि घरांत पीठ आहे कीं नाहीं याची चौकशीही करूं नये. राग येई तो वादळासारखा आणि जाई तोही तसाच. मागाहून पश्चात्तापानें त्यांचें मन मेणासारखें होई. नाशिक, मुंबई, नागपूर, राजनांदगांव अशीं कितीएक ठिकाणें झालीं. प्रत्येक ठिकाणीं लक्ष्मीबाईंनीं चूल मांडावी आणि ती पुरती तापते न तापते तोंच मोडावी. मध्यंतरीं अपत्यवियोगाचें दुःखही त्यांनीं सोसलें. १८९१ सालीं देवदत्त जन्मला. तोच पुढें आईबापांच्या वाङ्मयाचा राखणदार झाला.

तरी या ओढाताणींत दोघांमध्यें एक धागा विणला जात होता. टिळकांनीं पत्नीस अक्षरओळख करून दिली. बायकोला शिकविणें हें त्या काळीं हंसण्याचें कारण होई. टिळकांनीं लोकांच्या हंसण्याची पर्वा केली नाहीं. मात्र रोज ठराविक वेळीं बसून शिकविण्याइतका धीर त्यांच्या अंगीं नव्हता, आणि लक्ष्मीबाईंच्या मागें घरकामाचा रगाडा होता. त्यामुळें तें शिक्षण अडखळतच चाललें. त्या मोडक्यातोडक्या अक्षरांतून एक दिवस मराठी भाषेचा एक अलंकार घडणार आहे, अशी कल्पना त्या वेळीं गुरूसही नव्हती व शिष्येसही नव्हती.

नागपुरास असतांना टिळकांस श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांचा आश्रय मिळाला. संस्कृत ग्रंथांचें काम, ‘ऋषि’ नांवाचें मासिक, व्याख्यानें यांत त्यांचे दिवस जात. पण मनास स्वस्थता नव्हती. देशाची पडती अवस्था कशानें पालटेल, जातिजातींतील भिंती कशा पडतील, माणसास माणूस म्हणून वागविणारा धर्म कोणता, या प्रश्नांनीं त्यांस ग्रासलें होतें. अशा मनःस्थितींत नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत त्यांस एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणें धर्मावर आलें, आणि त्या गृहस्थांनीं त्यांस नव्या कराराची एक प्रत भेट दिली व ती वाचण्याचें वचन घेतलें. टिळक वचनाचे पक्के. त्यांनीं पुस्तक उघडलें, आणि डोंगरावरील प्रवचनाशीं येऊन त्यांचें मन थबकलें. पुढील दोन वर्षें आंतल्याआंत मोठा झगडा चालला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबई येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

हा निर्णय त्यांनीं पत्नीस विश्वासांत न घेतां केला. त्यांची बाजू आम्ही समजूं शकतों. अगोदर सांगितलें असतें तर सारें गणगोत आडवें पडलें असतें. सदसद्विवेकबुद्धीची हांक ही दुसऱ्यास विचारून ऐकावयाची नसते. पण या न्यायाची दुसरी बाजूही आहे. बोलावणें एकाला आलें आणि घर दोघांचें मोडलें. त्या काळीं धर्मांतर म्हणजे केवळ उपासनेचा पालट नव्हे. तो मनुष्य जातीबाहेर, पंक्तीबाहेर, घराबाहेर जाई. त्याच्या हातचें पाणी चालत नसे, आणि त्याच्या पत्नीस सधवाही म्हणतां येत नसे व विधवाही म्हणतां येत नसे. २६-२७ वर्षांच्या लक्ष्मीबाई आपल्या लहान मुलासह नातलगांकडे होत्या, तेथें ही बातमी येऊन आदळली. त्यांचें मन थाऱ्यावर राहिलें नाहीं. त्या जिवाचें कांहीं करून घेतील या भीतीनें आप्तजन त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवीत.

अशा वेळीं संसार कायमचा मोडणें सोपें होतें. धर्मांतर केलेल्यास, त्याच्या सहचरानें बरोबर राहण्याचें नाकारल्यास, विवाहबंधनांतून मोकळें होण्याची वाट १८६६ च्या कायद्यानें ठेवलेली होती. आणि लक्ष्मीबाईंच्या बाजूनेंही पति मेला असें समजून मन घट्ट करावें असा उपदेश करणारे कमी नव्हते. पण हें लग्न मोडलें नाहीं. टिळक पत्रें लिहीत राहिले, भेटीस येत राहिले. लक्ष्मीबाई रागावत, रडत, पण त्यांची वाट पाहण्याचें सोडीत नसत. पति आपल्या धर्माचा राहिला नाहीं हें त्यांना कळत होतें. पण तो आपला राहिला नाहीं असें त्यांच्या मनानें कधींच मान्य केलें नाहीं. त्या दोन गोष्टींतील अंतर शास्त्र्यांना समजलें नसेल. अक्षरांशीं झटापट करणाऱ्या त्या बाईंस तें समजलें होतें.

या ताटातुटीच्या काळांत त्या कांहीं दिवस पंढरपुरास राहिल्या. ज्या क्षेत्रांत शेंकडों वर्षें संतांनीं आपलें दुःख देवापुढें गाऊन दाखविलें त्या क्षेत्रांत या दुःखी स्त्रीलाही वाचा फुटली. पतिवियोगाच्या वेदनेंतून त्यांच्या तोंडीं ओळी येऊं लागल्या. कवीच्या घरीं इतकीं वर्षें राहून जें झालें नाहीं तें कवीच्या विरहांत झालें. पुढें या रचना टिळकांच्या पाहण्यांत आल्या तेव्हां त्यांस मोठा आनंद झाला. आपली पत्नी कवयित्री आहे हा शोध त्यांस तिच्यापासून दूर गेल्यावर लागला.

सुमारें पांच वर्षांनीं लक्ष्मीबाई पतीकडे राहावयास अहमदनगर येथें आल्या. हें शहर आज अहिल्यानगर या नांवानें ओळखलें जातें. त्या काळीं तें अमेरिकन मराठी मिशनचें मोठें ठाणें होतें व टिळक तेथें धर्मशिक्षणाचें काम करीत. पण लक्ष्मीबाई आल्या त्या आपला धर्म घेऊनच आल्या. त्यांनीं आपली चूल निराळी ठेविली, पाणी निराळें ठेविलें, सोवळें संभाळलें. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्याची ब्राह्मणी. एकाच घरांत दोन आचार. शेजाऱ्यापाजाऱ्यांस हा मोठा चमत्कार वाटला असेल. आणि येथें टिळकांच्या चरित्रांतील एक अत्यंत थोर गोष्ट आम्हांस दिसते. जो पुरुष क्षणांत रागावे, ज्याला दोन घटका थांबणें जड जाई, त्यानें या एका बाबतींत असामान्य धीर धरिला. पूर्वीं पत्नीस न विचारतां त्यांनीं आपला निर्णय केला होता. आतां तिचा निर्णय तिनेंच करावा म्हणून ते थांबले. सक्ति केली नाहीं, तिच्या सोवळ्याची हेळसांड केली नाहीं; उलट तें पाळण्याची सोय करून दिली. पहिल्या वेळच्या उणिवेची भरपाई कोणत्या शब्दांनीं झाली नसती, ती या थांबण्यानें झाली.

पुढें लक्ष्मीबाईंच्या मनानें स्वतःच विचार करण्यास आरंभ केला. पशु निराळा व माणूस निराळा हा भेद डोळ्यांस दिसतो. पण माणसामाणसांतील हा उच्चनीच भेद देवानें केला कीं माणसानें? एका प्रवासांत या प्रश्नाचा त्यांच्या मनांत निकाल लागला, आणि निकाल लागतांच त्यांनीं तो आचरणांत आणिला. कोणत्याही माणसाच्या हातचें अन्नपाणी आपणांस वर्ज्य नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. वाचकहो, जलालपूरच्या त्या घराची आठवण करा, म्हणजे हें पाऊल केवढें होतें तें कळेल. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, त्यांनीं जातिभेद आधीं सोडला व ख्रिस्ती धर्म मागाहून स्वीकारला. पतीच्या मागें डोळे मिटून त्या गेल्या नाहींत. स्वतःच्या वाटेनें चालत चालत त्या जेथें पोंचल्या तेथें पति अगोदरच उभा होता. सहधर्मचारिणी हें पद त्यांना १८८० सालीं विवाहविधीनें मिळालें होतें. तें त्यांनीं मिळविलें मात्र या दिवसांत.

यानंतर नगरचीं सतरा-अठरा वर्षें या संसाराचें वैभव होतीं. धनाचें वैभव त्यांत कधींच नव्हतें. पगार येई व जाई. पण घर नेहमीं माणसांनीं भरलेलें असे. दुष्काळाने पोरकीं झालेलीं मुलें, आजारी, विद्यार्थी, साधु, कवि असे कोण कोण येत व राहत. टिळक कोणासही घरीं घेऊन येत, आणि त्या पाहुण्याचें पान मांडण्याची काळजी लक्ष्मीबाईंची असे. त्या कुरकुर करीत, भांडतही, आणि पान मांडीत. एका मुलीस तर त्यांनीं पोटच्या मुलीप्रमाणें वाढविलें. टिळक १९०४ सालीं रेव्हरंड झाले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचें संपादन त्यांजकडे आलें. ख्रिस्ती मंडळींत तोंवर परकीय चालीवरचीं भाषांतरित गीतें गात. टिळकांनीं त्यांस अभंग, भजन व कीर्तन दिलें. मराठी ख्रिस्ती उपासनेंत आजही त्यांचीं पदें गाइलीं जातात, आणि त्यांत लक्ष्मीबाईंचींही आहेत. फुलें आणि मुलें हे टिळकांचे आवडते विषय असल्यामुळें रसिकांनीं त्यांस फुलांमुलांचे कवि म्हटलें.

त्या घरीं राहिलेल्या पाहुण्यांत एक फार मोठा होता. १९०७ सालीं जळगांव येथें कविसंमेलन भरलें. तेथें त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाच्या कोंवळ्या मुलानें सर्वांस थक्क केलें व तो बालकवि म्हणून प्रसिद्धीस आला. टिळकांनीं या मुलास जवळ केलें, आणि पुढें तो नगरास त्यांच्या घरीं घरच्या मुलासारखा राहिला. काव्याचा संस्कार टिळकांनीं केला व मायेचा लक्ष्मीबाईंनीं. ५ मे १९१८ रोजीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून या कवीचा अकालीं अंत झाला, तेव्हां या उभयतांवर काय दुःख कोसळलें असेल तें सांगावयास नको.

१९१७ सालीं टिळकांच्या मनांत पुन्हां वादळ उठलें. पगारी सेवा सोडून संन्याशाप्रमाणें राहावें, ख्रिस्ताला मानणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्वांचा एक बंधुसंघ उभारावा, असा त्यांचा निश्चय झाला. या संघास त्यांनीं ‘देवाचा दरबार’ असें नांव दिलें. त्यांनीं मिशनचें काम सोडलें व ते साताऱ्यास गेले. बावीस वर्षांपूर्वींचा प्रसंग जणूं पुन्हां आला होता: स्थिर घर मोडावयाचें, ठराविक मिळकत सोडावयाची, आणि अज्ञातांत पाऊल टाकावयाचें. पण आतां एक मोठा फरक होता. या वेळीं लक्ष्मीबाई मागें राहिल्या नाहींत. पुन्हां एकदां त्यांनीं भांडींकुंडीं बांधलीं आणि पुन्हां एकदां नव्या गांवीं चूल मांडली. संन्याशानें संसार बरोबर न्यावा हें जगास विपरीत वाटेल. परंतु टिळकांचा संन्यास कोणास टाकून जाण्याचा नव्हता. तो सर्वांस आपलें म्हणण्याचा होता, आणि त्यांत पत्नीचें स्थान पहिलें होतें.

हे दिवस फार टिकले नाहींत. टिळकांची प्रकृति ढासळली, आणि ९ मे १९१९ रोजीं मुंबई येथें त्यांनीं इहलोकची यात्रा संपविली. ३९ वर्षांचा संसार संपला. त्यांतील पांच वर्षें विरहाचीं होतीं. लक्ष्मीबाई त्या वेळीं पन्नाशीच्या घरांत होत्या. त्यांनीं हात गाळून बसणें पत्करलें नाहीं. मुंबईस मुलींच्या वसतिगृहाची देखरेख त्यांनीं केली. पुढें मुलाच्या कुटुंबाबरोबर त्या कराचीस राहिल्या. आणि शेवटीं नाशिकास, म्हणजे जेथून संसार सुरू झाला त्या भूमीवर, त्या परत आल्या.

पण हा संसार टिळकांच्या मृत्यूनें खरोखर संपला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. टिळकांनीं ख्रिस्तचरित्र मराठी ओवींत गाण्याचा संकल्प करून ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य आरंभिलें होतें. दहाएक अध्याय झाले व लेखणी थांबली. तें अपुरें काव्य पुढें कोणीं हातीं घ्यावें? विद्वान पुष्कळ होते, पदवीधर पुष्कळ होते. तें काम हातीं घेतलें शाळेचें तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनीं, आणि एक दोन नव्हे तर साठांहून अधिक अध्याय त्यांनीं रचिले. पतीनें टाकलेल्या पायावर पत्नीनें मंदिर उभारिलें. शेवटचा हात मुलानें, देवदत्तानें, फिरविला. १९३८ सालीं तें काव्य प्रसिद्ध झालें, तेव्हां लक्ष्मीबाईही या जगांत नव्हत्या. एका काव्यांत बाप, आई व मुलगा असे तिघे कवि एकत्र नांदत आहेत, असें उदाहरण वाङ्मयांत विरळाच.

दुसरी गोष्ट ‘स्मृतिचित्रां’ची. देवदत्तांस वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्यासाठीं त्यांनीं आईस आठवणी लिहून देण्यास सांगितलें. लक्ष्मीबाई लिहूं लागल्या, आणि पतीच्या चरित्राचें साधन म्हणून जें आरंभिलें तें मराठी भाषेंतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र झालें. चार भागांचा हा ग्रंथ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागला, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई निवर्तल्या. १९५० सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें व २०१७ सालीं संपूर्ण ग्रंथाचें आणखी एक. या ग्रंथांत त्या पतीचा उल्लेख सर्वत्र ‘टिळक’ असाच करितात. पतीचें नांव घेणें जेथें अशुभ मानीत तेथें वाढलेल्या स्त्रीनें असें लिहावें यांत केवढें धैर्य आणि केवढी सलगी आहे! त्यांत टिळकांची स्तुति नाहीं, कीं गाऱ्हाणेंही नाहीं. त्यांचा विक्षिप्तपणा, त्यांचा राग, त्यांचें औदार्य, त्यांची माया, सारें जसें घडलें तसें त्यांनीं सांगितलें आहे, आणि सांगतांना त्या पतीला हंसतात तितक्याच स्वतःलाही हंसतात. ज्या गोष्टींनीं एके काळीं त्यांना रडविलें असेल त्याच गोष्टी त्यांनीं आपणांस हंसत हंसत सांगितल्या. क्षमा केली असें त्या कोठेंही म्हणत नाहींत; पण त्या हंसण्यांत क्षमेहून अधिक कांहीं आहे.

आतां दोन शब्द आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींस सांगून हा लेख पुरा करूं. थोर पतिपत्नींचीं चरित्रें सांगतांना, त्यांच्यांत कधीं मतभेद झाला नाहीं, त्यांचा संसार शांत सरोवरासारखा होता, असें सांगण्याची पद्धत आहे. टिळक दांपत्याविषयीं तसें सांगितलें तर तें खोटें होईल, आणि त्यांच्या चरित्रांतील सार हातचें जाईल. त्यांचा संसार सरोवर नव्हता, ती गोदावरी होती. तिला पूरही आले व ओढही लागली. त्यांच्यांत मतभेद झाला आणि तो अन्नपाण्यापासून देवापर्यंत झाला. पण मतभेद झाला म्हणून नातें तोडावयाचें नाहीं, आणि नातें आहे म्हणून दुसऱ्याच्या मनावर जुलूम करावयाचा नाहीं, या दोन्ही गोष्टी त्यांनीं शेवटीं साधल्या. त्या त्यांना सहज साधल्या नाहींत. टिळकांस थांबावयास शिकावें लागलें, आणि लक्ष्मीबाईंस चालावयास.

आज आपल्या घरांत, शाळेंत व देशांत मतांचे भेद कमी नाहींत. ज्यांचें मत आपल्याशीं जुळत नाहीं त्यांच्याशीं बोलणेंच बंद करावें, ही संवय लहानथोरांस जडूं पाहत आहे. अशा वेळीं नगरच्या त्या लहानशा घराकडे आम्ही वारंवार पाहतों. तेथें एका छपराखालीं दोन चुली पेटत होत्या, आणि त्या दोन्ही चुलींवर शिजणाऱ्या अन्नांत एकमेकांविषयींची प्रीति होती. त्या दोन चुली ज्यांनीं धीरानें जळूं दिल्या त्यांनाच पुढें एका चुलीचें सुख लाभलें. तेंच सुख पुढें एका महाकाव्याच्या रूपानें मराठी भाषेच्या पदरांत पडलें आहे, आणि तें अजून ताजें आहे.